रविवारचा नाश्ता आणि न फिटलेलं बिल

॥ श्रीहरि ॥

आजचं चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक १२ व १३ (पुन्हा एकदा)



क्रमानं आज तिसऱ्या अध्यायातला सव्विसावा श्लोक घ्यायला हवा. तो उद्या घेऊ. आज मला मागे जायचंय, बाराव्या आणि तेराव्या श्लोकाकडे. या दोन श्लोकांवर मी दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी आणि मंगळवारी लिहिलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते आवडल्याचं कळवलं. एका काकांनी तर ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. त्यात लिहिलेलं काही चुकीचं नव्हतं. पण त्याच्या आदल्याच दिवशी मी जे केलं होतं, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. खरं तर ते माझ्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

आधी श्लोकांचा भावार्थ थोडक्यात. बाराव्यात भगवंत म्हणतात, जे आपल्याला मिळतं ते कुणीतरी दिलेलं असतं, आणि दिलेलं घेऊन परत काहीच न देणारा माणूस चोर आहे. तेराव्यात म्हणतात, यज्ञ करून जे उरतं ते खाणारे पापातून सुटतात, पण जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात. शब्द कडक आहेत. ‘चोर’ आणि ‘पाप’ हे शब्द भगवंत कुणा दरोडेखोराला लावत नाहीयेत, जेवायला बसलेल्या साध्या माणसाला लावतायत.

आता माझा रविवार.

आमच्या भागात एक हॉटेल आहे. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण पुण्यात प्रत्येक भागात असं एक हॉटेल असतंच. सकाळी सातला उघडतं. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा, घावन, फिल्टर कॉफी. रविवारी दहानंतर बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, एक माणूस वहीत नावं लिहून घेतो, आणि लोक अंघोळ न करता, नाहीतर करून, पण दोन्ही बाबतीत भुकेले, तिथं बसून असतात. माझ्या ऑफिसातली तरुण पोरं याला ‘ब्रंच’ म्हणतात. आई म्हणते, “उशिरा उठलेल्यांचा नाश्ता.” आईची व्याख्या बरोबर आहे. हा शब्द १८९५ मध्ये गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकानं छापून आणला. शनिवारी रात्री जागणाऱ्यांनी रविवारी सकाळी लवकर उठून जड जेवण्यापेक्षा दुपारच्या तोंडावर निवांत खावं, असा त्याचा आग्रह होता. त्याचा एक युक्तिवाद तर असा की अशा खाण्यानं माणूस स्वतःवर आणि भोवतालच्या माणसांवर खूश होतो.

स्वतःवर खूश होतो, हे मी अनुभवानं सांगू शकतो. दुसऱ्या भागाबद्दल आज लिहायचंय.

त्या रविवारी आम्ही चौघं गेलो. मी, बायको, लेक आणि आई. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पन्नास मिनिटं बाहेर बसणं तिला जड गेलं. टेबल मिळाल्यावर ऑर्डर दिली. मिसळ आली, कॉफी आली, आईचं थालीपीठ काही येईना. दोनदा विचारलं. टेबलाला असलेला पोरगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, दोन्ही वेळा “आलंच साहेब” म्हणून पळाला. पंचवीस मिनिटांनी थालीपीठ आलं ते गार, आणि लोण्याची वाटी विसरलेली. माझं डोकं सटकलं. मी आजूबाजूच्या तीन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणालो, “पैसे मोजतो ना आम्ही? फुकट खातोय का?”

तो काही बोलला नाही. लोणी आणायला गेला.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तो परत आला तेव्हा तिनं त्यालाच विचारलं, “तू काही खाल्लंस का रे बाळा?”

तो गोंधळला. असा प्रश्न त्याला त्या जागी कुणी विचारत नसावं. म्हणाला, “साडेतीनला बसतो आजी.” तेव्हा बारा वाजून गेले होते.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तरी बिल भरून पार्किंगमध्ये आल्यावर मी फोन काढला आणि त्या हॉटेलला एक तारा दिला. लिहिलं की सर्व्हिस अतिशय वाईट आहे, कोपऱ्यातल्या टेबलांना जो चष्मेवाला मुलगा आहे त्याला कामाचं काही गांभीर्य नाही. टिप ठेवली नव्हतीच. घरी आलो, झोपलो, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या श्लोकाची तयारी केली. श्लोक बारावा. घेऊन परत न देणारा तो चोर. छान लिहून झालं. रात्री शांत झोप लागली.

मंडळी, मी प्रोग्रामिंग करतो. नियम वाचायचा आणि त्यातली पळवाट शोधायची, ही आमची सवय. तेराव्या श्लोकात ‘स्वतःसाठी शिजवणारे’ असं म्हटलंय. मी तर शिजवतच नाही. मी पैसे देतो. त्यामुळे हा श्लोक मला लागूच होत नाही, असं आत कुठंतरी मी धरून चाललो होतो. आणि बाराव्याचं उत्तर तर खिशातच होतं. मला मिळालं, मी परत दिलं. त्या दिवशीचं बिल अजून आहे : नऊशे ऐंशी रुपये, वर केंद्राचा जीएसटी चोवीस रुपये पन्नास पैसे, राज्याचाही तेवढाच, एकूण एक हजार एकोणतीस. यूपीआयनं दिले, टिंग असा आवाज झाला. देणं फिटलं, व्यवहार बंद.

फिटलं का? आजचा प्रश्न एवढाच आहे.

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर फिटलं. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे वाढणाऱ्या हातांसाठी वेगळं काही द्यावं की नाही, हे माझ्या मनावर सोडलंय. कायदा जिथं हात वर करतो, तिथून पुढची जमीन धर्माची असते. आणि माझी अडचण हीच की त्या जमिनीवर मी कायद्याचंच भिंग घेऊन फिरत होतो.

आपल्याकडे जुन्या ग्रंथांत ‘पंचसूना’ म्हणून एक कल्पना आहे. गृहस्थाच्या घरात पाच जागा अशा असतात की जिथं रोज नकळत हिंसा होते : चूल, जातं, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. धान्य दळताना किडे मरतात, झाडताना मुंग्या मरतात. कुणाचा तसा हेतू नसतो, पण मरतात. म्हणून गृहस्थानं रोज पंचमहायज्ञ करावेत : अभ्यासाचा, देवांचा, पितरांचा, प्राणिमात्रांचा आणि अतिथीचा. तेराव्या श्लोकाचा अर्थ लावताना आचार्यांनी या पाच जागांची आठवण दिली आहे. लहानपणी मला हे फार खुळचट वाटायचं. मुंगी मेली तर त्यात काय एवढं? आज वाटतं, ते सांगणारा माणूस हुशार होता. तो म्हणत होता की तुझ्या ताटात जे येतं त्याच्या मागे कुणाला तरी काहीतरी इजा झालेली असते, आणि ती तुला दिसत नाही. दिसत नाही म्हणून नाही असं समजू नकोस.

घरात निदान त्या पाचही जागा डोळ्यांसमोर असतात. हॉटेलात त्या दाराच्या पलीकडे गेल्या. शेगडी, मिक्सर, झाडू, पोळपाट, भांड्यांची मोरी, सगळं आत. माझ्यासमोर येतं ते फक्त पुसलेलं टेबल आणि ताटली. इजा संपलेली नाही, फक्त माझ्या नजरेआड झाली. आणि पलीकडून अलीकडे येणारा एकच माणूस होता, तो पोरगा. त्याच्या तोंडून आतलं एक वाक्य बाहेर आलंही, “साडेतीनला बसतो आजी.” मी ते ऐकलं आणि फोन काढला.

आता यावर एक साधा उपाय सुचतो, तो आधी बघून घेऊ. बाहेर खायला जायचंच कशाला? सात्त्विक माणसानं घरी खावं, विषय संपला. मागच्या सोमवारी मी घरी हेच जाहीर केलं. पुढच्या रविवारपासून हॉटेल बंद, घरीच पोहे करू.

बायको शांतपणे म्हणाली, “करू म्हणजे कोण?”

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, “आमच्या वेळी रविवार म्हणजे दुप्पट काम. तुझे बाबा घरी, काका यायचे, सगळ्यांचं निवांत खाणं असायचं. मी कधी निवांत खाल्लं ते मला आठवत नाही.”

मला हे माहीतच नव्हतं. लहानपणीचे ते रविवार माझ्या आठवणीत सोन्याचे आहेत. गरम धिरडी, ताक, रेडिओ. ती धिरडी करणारी व्यक्ती त्या आठवणीत आहे, पण ती उभी आहे. ती बसून खातेय असं एकही चित्र माझ्याकडे नाही.

म्हणजे घरी खाल्लं की प्रश्न सुटतो, हे खोटं. प्रश्न हॉटेलचा नाहीच. कुणीतरी उभं असतं म्हणून मी बसलेलो असतो. घरात आई उभी होती, मग बायको उभी राहिली, हॉटेलात तो पोरगा. बायकोला आठवड्यातून एकदा बसून गरम खायला मिळतं, ते याच हॉटेलात. ते बंद करून मी सात्त्विक होणार आणि किंमत ती देणार, हा तर आणखी मोठा ‘स्वतःसाठी शिजवणं’ प्रकार झाला. एक मार्ग होता, पोहे मी करायचे. तो आता सुरू केलाय, महिन्यातले दोन रविवार. लेकीच्या मते मीठ कमी असतं. पण दोन रविवार आम्ही बाहेर जाणार. तेव्हा तिथं कसं बसायचं, हा प्रश्न उरतोच.

रविवारबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती मला याच आठवड्यात नव्यानं उमगली. रविवारची सुट्टी आपल्याला आकाशातून पडल्यासारखी वाटते. मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांना ती नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १८९० मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही एक कारण त्या मागणीमागे सांगितलं जातं. म्हणजे ज्या रविवारी मी दहाला उठतो, तो रविवार कुणीतरी मागून, भांडून मिळवून दिलेला आहे. बाराव्या श्लोकात ‘देवांनी दिलेलं’ असं म्हटलंय. पाऊस देव देतात हे मला कळत होतं. रविवार मला गिरणी कामगारांनी दिला, हे कळत नव्हतं. आणि तो मिळालेला रविवार वापरून मी एका अशा पोराला ओरडलो, ज्याला रविवार नाही.

आणखी एक रविवार आठवला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय असे अठरा रविवार. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून आज तुमच्या-माझ्या कपाटात ‘गीता प्रवचने’ आहे. मी रोज सकाळी जे चार शब्द लिहितो त्याचं मूळ त्या पुस्तकात आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. तेही लोक रविवारी एकत्र बसायचे, मीही बसतो. एवढंच साम्य आहे, बाकी लाज वाटते.

आता पुढचा भाग. तो सांगायला मला जास्त जड जातंय.

काल आम्ही परत त्याच हॉटेलात गेलो. मुद्दाम लवकर, साडेआठला. कोपऱ्यातल्या टेबलांना दुसरा मुलगा होता. मी कॅप्टनला विचारलं, “तो चष्म्यावाला दिसत नाही?” कॅप्टन म्हणाला, “आहे की, आत. भांड्यांना टाकलाय. कम्प्लेंट आल्या होत्या दोन-तीन, मालक चिडले.” मग माझ्याशी बोलायला निवांत मिळालं म्हणून सांगू लागला, “पोरगा वाईट नाही ओ. त्या रविवारी दोन पोरं आलीच नाहीत, एकटा नऊ टेबलं बघत होता.”

नऊ टेबलं. आमच्या कंपनीत सिस्टिम बंद पडली की दुसऱ्या दिवशी बैठक होते. तिला आम्ही पोस्टमॉर्टेम म्हणतो. तिचा पहिला नियम असा की कुणा माणसाचं नाव घ्यायचं नाही. चूक माणसाकडून झाली असली तरी विचारायचं हे की ती होऊ शकेल अशी व्यवस्था का होती? लोड जास्त होता का? बॅकअप का नव्हता? नवीन पोरांना हा नियम मीच शिकवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका चुकीनं एका ग्राहकाचं काम चार तास बंद होतं, तेव्हा याच नियमानं मला वाचवलं होतं. कुणी माझं नाव घेतलं नाही. आणि मी एका पोराचं, नाव माहीत नव्हतं म्हणून, त्याच्या चष्म्यावरून वर्णन करून सगळ्या जगासमोर ठेवलं. जी दया मला मिळाली होती ती मी पुढे दिली नाही. घेतलं आणि परत दिलं नाही. बाराव्या श्लोकात अशा माणसासाठी कुठला शब्द आहे ते वर सांगितलंच आहे.

दोन-तीन तक्रारींमध्ये माझी एक होती. माझ्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, आणि माझ्यामुळे झालं नाही असंही म्हणता येणार नाही. मी तिथंच तो रिव्ह्यू काढून टाकला. गल्ल्यावरच्या मालकांना सांगितलं की ती तक्रार माझी होती, मी रागात लिहिली, चूक पोराची नव्हती. ते “असू द्या, असू द्या” म्हणाले. मग म्हटलं, पोराला भेटू द्या.

मागच्या दारानं गेलो. मोरीपाशी तो उभा होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्मा कपाळावर. मी म्हणालो, “दोन आठवड्यांपूर्वी मी तुला ओरडलो होतो. थालीपीठ उशिरा आलं म्हणून. माझं चुकलं.”

तो बघत राहिला. मग म्हणाला, “कुठलं टेबल, साहेब?”

त्याला मी आठवतच नव्हतो.

मंडळी, इथं मला क्षणभर काय वाटलं ते खरं सांगतो. मला वाईट वाटलं. हिरमोड झाला. एवढं मनाशी ठरवून आलो, दोन आठवडे श्लोक डोक्यात घोळवले, आणि याला मी आठवतही नाही? म्हणजे मला तिथं काय हवं होतं? त्यानं “जाऊ द्या साहेब” म्हणावं, मी मोकळा व्हावं, आणि आज सकाळी तुम्हाला एक छान गोष्ट सांगावी. माफीसुद्धा मी स्वतःसाठीच शिजवली होती. तेरावा श्लोक मला तिथं, मोरीपाशी, खऱ्या अर्थानं कळला.

त्याला मी आठवलो नाही याचा अर्थ फार साधा आहे. माझ्यासारखे ओरडणारे त्याला रोज भेटतात. माझ्यासाठी तो प्रसंग होता, त्याच्यासाठी तो कामाचा भाग होता. एकाच्या माफीनं त्यात काय फरक पडणार?

मग मी आईचाच प्रश्न विचारला, कारण दुसरं काही सुचेना. “खाल्लंस का?”

हसला. म्हणाला, “आत बरं असतं. मधेच काहीतरी खाता येतं.” जरा थांबून म्हणाला, “पण टिप नसते ना आत.” सुट्टी कधी असते विचारलं, तर म्हणाला मंगळवारी. आणि परत पाण्यात हात घातले, कारण मागं ताटल्यांचा ढीग वाढत होता आणि मी त्याचा वेळ खात होतो.

येताना कॅप्टनला सांगितलं की त्याला परत टेबलं मिळाली तर बरं होईल. तो “बघतो” म्हणाला. मिळतील की नाही, माहीत नाही. गोष्टीचा शेवट एवढाच आहे. मला आवडला असता तसा तो झालेला नाही.

तर आता प्रश्नाकडे परत येऊ. पैसे दिले म्हणजे ऋण फिटतं का?

मला आज असं दिसतं. पैशानं किंमत फिटते. ती फिटलीच पाहिजे, त्यात कंजूषपणा नको. पण किंमत आणि ऋण ही दोन वेगळी खाती आहेत. किंमत वस्तूची असते, ऋण माणसाचं असतं. वस्तूचं खातं बिल भरलं की बंद होतं. माणसाचं खातं बंद करायची घाई झाली की समजावं, आपण त्या माणसाला वस्तूच्या खात्यात टाकतोय. “पैसे मोजतो ना आम्ही” या वाक्याचा खरा अर्थ हा आहे की पैसे दिलेत, आता तुझ्याकडे माणूस म्हणून बघायची जबाबदारी माझ्यावर नाही.

पुढे चौदाव्या श्लोकात भगवंत एक साखळी सांगतात : अन्नापासून जीव, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ. आणि सोळाव्यात म्हणतात की हे फिरतं चाक जो पुढे चालवत नाही त्याचं जगणं वाया गेलं. फिटवून टाकायची भाषा तिथं नाही, फिरतं ठेवायची आहे. ऋण फिटत नाही हे दुःखाचं कारण नसावं. आईचं कुठं फिटतं? आपण ते फिटवायच्या मागे लागत नाही, फक्त विसरत नाही, आणि जमेल तसं पुढच्याला देत राहतो. मला वाटतं यज्ञ म्हणजे बहुतेक हेच.

म्हणून माझ्यापुरतं मी काही ठरवलंय. मोठं काही नाही, हसू नका.

गर्दीच्या वेळी जायचं नाही. लागेल तेवढंच मागवायचं, आणि आलेलं टाकायचं नाही. टिप रोख, त्या माणसाच्या हातात द्यायची, आणि आतल्यांची वेगळी कॅप्टनकडे. रिव्ह्यू लिहायचा झाला तर माणसाबद्दल वाईट लिहायचं नाही. चांगलं असेल तर मात्र नावानिशी लिहायचं. उशीर झाला तर “का रे” म्हणण्याआधी तो किती टेबलं बघतोय ते मोजायचं. आणि घरी, जी व्यक्ती उभी आहे तिला बसवून मग बसायचं. या शेवटच्या कलमावर बायकोनं “लिहून दे” म्हटलंय. दिलं.

यानं त्या पोराला रविवार मिळणार नाही, हे मला कळतं. साडेतीनचं जेवण दीडला येणार नाही. त्यासाठी १८९० सारखंच काहीतरी पुन्हा लागेल, आणि ते एकट्याच्या टिपनं होत नसतं. पण निदान मी आरामात बसलोय ते कुणाच्या तरी उभं राहण्यावर, हे बसल्या बसल्या आठवत राहील.

लहानपणी आजोबा जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि बाजूला भाताची चार-पाच शितं ठेवायचे. चित्राहुती. मी विचारायचो, हे कुणासाठी? ते म्हणायचे, “आपण एकटे जेवत नाही, हे आपल्याला आठवावं म्हणून.” काल हॉटेलात थालीपीठ समोर आलं तेव्हा मला ते आठवलं. आईनं लोणी फिरवलं, एक तुकडा मोडला, आणि वाढायला आलेल्या नव्या मुलाला विचारलं, “तू खाल्लंस का रे?”

या वेळी मी त्याचं उत्तर ऐकायला थांबलो. “हो आजी, सकाळीच,” म्हणाला.

पांडुरंगा, आमच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक ताटामागचे हात आम्हाला दिसू देत. जे फिटणार नाही ते विसरू नये एवढी बुद्धी दे. आणि आमची माफीही आमच्याच पोटासाठी शिजलेली नसो.

उद्या सव्विसावा श्लोक.

रामकृष्णहरी.